तीट लावलेले फ्रॉक

निरगुडसर, १४ ऑगस्ट २००४

तीसेक वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी आमचे डॉक्टर व्हिजिटला गेले होते. ओसरीवर गोजरबाई तापलेल्या मुलाला मांडीवर घेऊन त्यांची वाट बघत बसली होती आणि मी दारात बसून भाचीचा फ्रॉक करत होते. मी शाळेत असताना सिस्टर बर्नादेत शुक्रवारी स्मॉकिंग शिकवायच्या. आधी कापडाला बारीक चुण्या घालायच्या आणि मग त्या चुण्यांवर रंगीत दोऱ्याने नक्षी बांधत जायची. गोजरबाईने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "वैनी, चांगलं कापड चुरगाळायचं आन मग टाके घालून बसायचं, हे कशापायी?" मला हसू आलं. तिने मूल माझ्या मांडीवर दिलं आणि सुई मागितली. डॉक्टर परतले तेव्हा मूल माझ्या मांडीवर झोपलं होतं आणि तिने दोन बोटं नक्षी पुरी केली होती, जराशी वाकडी. मग चहा झाला. ती बशीतून प्यायली, मी कपातून. एवढंच. असला दिवस मुद्दाम कोणी लक्षात ठेवत नाही.

आज ते आठवलं, कारण कामाच्या बायका गेल्यावर आम्ही दोघी त्याच जागी बसलो होतो आणि दोघींनाही सुईत दोरा घालता येईना. मी तिच्याकडे सुई दिली, तिने परत माझ्याकडे. गेणभाऊ तिला न्यायला आले होते. म्हणाले, "एकीची नजर अमेरिकेत, दुसरीची ढगात. दोरा कुणी ववायचा?" नवरा असला तरी गोजरबाईने त्यांना चांगलंच सुनावलं. ते हसत राहिले.

डॉक्टर गेले आणि हातात काहीतरी हवं म्हणून मी हे काम सुरू केलं, त्याला आता वीस वर्षं होतील. पहिल्यांदा गोजरबाई आणि तिच्या गल्लीतल्या चारपाच जणी होत्या. आता निरगुडसरच्याच नव्हे, आजूबाजूच्या वाड्यांवरच्याही बायका येतात. मशीनवर फ्रॉक शिवायचा, छातीवरचं स्मॉकिंग हाताने, आणि माल मुंबईच्या शेठजींकडे. ते अमेरिकेला पाठवतात. तिथल्या दोन ते सहा वर्षांच्या मुली आमच्या बायकांच्या हातचे फ्रॉक घालून वाढदिवस करतात, असं मी त्यांना सांगते. चुण्यांसाठी कापडावर ठिपके पाडायला दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्म घेतल्या आणि त्यांना सुईने भोकं पाडली. फिल्म कापडावर ठेवायची आणि वरून निळीची पुरचुंडी फिरवायची. अजूनही बायका "भिमाजीची बरगडी कुठंय?" असं ओरडतात. भिमाजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या बरगडीवर मात्र चार वर्षांच्या मापाचे शेकडो फ्रॉक झाले असतील.

२९ ऑगस्ट

सुदर्शन, सून अश्विनी आणि नात श्रेया पुण्याहून आले होते. सुदर्शनने जेवताना सगळं समजावून सांगितलं. अमेरिका आणि युरोप आजवर प्रत्येक देशाला ठरवून द्यायचे, तुमच्याकडून वर्षाला एवढेच कपडे घेऊ. त्याला कोटा म्हणतात. शेठजींच्या तोंडून हा शब्द मी वर्षानुवर्षं ऐकत आले. कोटा संपला, आता जानेवारीत बघू. कोटा शिल्लक आहे, लवकर माल द्या. दहा वर्षांपूर्वी सगळ्या देशांनी मिळून जो करार केला, त्याप्रमाणे येत्या एक जानेवारीला कोटा कायमचा जाणार.

"आई, आतापर्यंत तू अमेरिकेत रेशनकार्डावर विकत होतीस," तो म्हणाला. "आता दुकान उघडं."

कामासाठी हॉल बांधायचा, त्याचं त्याने कागदावर चित्रही काढलं. मागच्या मोकळ्या जागेत, ट्यूबलाइट, टेबलं, खुर्च्या. मोठे ग्राहक आले तर ओसरीवर पाय पसरून बसलेल्या बायका दाखवणार का, असं तो म्हणतो. अश्विनी निघताना फक्त म्हणाली, "आई, तुम्हाला ओसरीच आवडते ना?" मी म्हटलं, आवडण्याचा प्रश्न नाही, पुढे जायला पाहिजे.

तयार माल घडी करताना आज एका फ्रॉकच्या आतल्या शिवणीला काळा दोरा दिसला. मी ओढायला गेले तर गोजरबाईने फ्रॉक माझ्या हातातून घेतला. "राहू द्या वैनी, मी काढते." तिचं काम नीटनेटकं असतं.

१८ सप्टेंबर

गणपती बसले. दुपारी शेठजींचा फोन आला, हॉलचं त्यांना कोणाकडून तरी कळलं होतं. "कुमुदबेन, बांधू नका. जरा थांबा." मी कारण विचारलं. म्हणाले, अमेरिकेची माणसं पूर्वी या दिवसांत रोज फोन करायची, यंदा मलाच करावा लागतो. मी म्हटलं, सण आहेत, कामं असतील.

वयाबरोबर माणूस भित्रा होतो. डॉक्टरांचंही शेवटी तसंच झालं होतं. शेठजींचा मुलगा आता धंदा बघतो, तो परदेशात शिकून आला आहे. त्याला विचारायला पाहिजे.

२२ ऑक्टोबर, दसरा

मंचरची दवाखान्याची जागा हॉलसाठी विकली. तिथे मोबाइलचं दुकान होणार आहे. डॉक्टरांना ही गोष्ट आवडली असती. ते म्हणायचे, औषध वेळेवर घ्यावं. हॉलचा पाया खणून झाला. बायकांनी मशीनना झेंडूच्या माळा घातल्या आणि गोजरबाईने पायाच्या खड्ड्यात नारळ फोडला. नारळ चांगला निघाला.

१ जानेवारी २००५

मंचरहून पेढे आणवले. हॉलमध्ये सगळ्यांना उभं करून मी छोटंसं भाषण केलं. म्हटलं, आजपासून जगात कोणालाही कोणाचेही कपडे घेता येतील, आपलं काम चांगलं आहे, आपल्याला घाबरायचं कारण नाही. सोनीबाईने विचारलं, मग आपल्यालाबी त्यांचे कपडे येतील का. ही भीमाशंकरच्या बाजूची, इथे भाच्याकडे राहते, बोलते फार कमी. मी म्हटलं, आले तर आले. बायका हसल्या, पेढे खाल्ले आणि कामाला बसल्या.

खुर्चीवर बसून स्मॉकिंग होत नाही म्हणतात. कापड मांडीवर ताणावं लागतं. निम्म्या जणी खुर्च्या सरकवून खालीच बसल्या. सवय होईल.

२० फेब्रुवारी

शेठजींचा मुलगा मोठ्या गाडीतून आला. चपला काढायच्या का, असं त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्याने टेबलावर एक फ्रॉक ठेवला. चीनमध्ये झालेला. गुलाबी, गोड दिसत होता. उलटा करून बघितला तर चुण्या मशीनने घातलेल्या, आतून इलॅस्टिक. ज्या किमतीत तो अमेरिकेच्या बंदरावर पोहोचतो, तेवढ्यात आमचं नुसतं कापड आणि दोरा येतो.

मी म्हणाले, आमचं हाताचं काम आहे.

"आंटी, हात कोणाला दिसतो?" तो म्हणाला. उद्धटपणे नव्हे, खरोखरच विचारत होता. पूर्वी चीनचा कोटा भरला की राहिलेल्या ऑर्डरी आपल्याकडे वळायच्या, आता त्यांना थांबायची गरज नाही, असंही काहीसं तो बोलला. ते माझ्या नीट ध्यानात आलं नाही. भाव उतरवला तर एप्रिलमध्ये मोठी ऑर्डर देतो म्हणाला. ते मात्र ध्यानात आलं.

तो गेल्यावर फ्रॉक हातोहात फिरला. कोणी तरी ताणून सोडला, तो टणकन परत आला, आणि सगळ्याजणी पोट धरून हसल्या. मग प्रत्येकीने ताणून बघितला. गोजरबाईने मात्र तो आतून बाहेरून चाचपला. "लेकराच्या छातीला काच पडंल यानं," एवढंच म्हणाली.

९ एप्रिल, गुढीपाडवा

ऑर्डर आली. भाव पडला आहे, पण आजवरची सर्वांत मोठी आहे. अटीही नव्या आहेत. घरी काम न्यायचं नाही. कामाच्या जागी लहान मूल दिसता कामा नये, नाहीतर तिकडच्यांना वाटेल मुलांकडून काम करून घेतो. माल निघण्याआधी त्यांचा माणूस तपासणीला येणार. बायका वर्षानुवर्षं पोरांना शेजारी झोपवून काम करत आल्या. दोघीतिघींनी आजपासूनच येणं सोडलं. गोजरबाई म्हणाली, लेकराचे कपडे करायचे आन लेकरूच नको, ही कसली अट. मी म्हटलं, जगाशी धंदा करायचा तर जगाचे नियम पाळायला हवेत. ते वाक्य मला बोलताना आवडलं.

२ मे

भारनियमन. ट्यूबलाइट बंद. सगळ्याजणी ओसरीवर येऊन बसल्या आणि काम दुप्पट वेगाने झालं. मी हे सुदर्शनला सांगणार नाही.

१७ मे

आज लिहिलं नाही तर झोप लागायची नाही.

तपासणीचा मुलगा सकाळी आला. सभ्य होता, मॅडम मॅडम करत होता. टेप घेऊन एकेक फ्रॉक मोजला. बटणं ओढून बघितली, रंग बघितले. दुपारपर्यंत त्याला काही सापडलं नाही आणि मला मनातून फार बरं वाटत होतं. मग तो अंगणात जाऊन मुंबईशी फोनवर बोलला. "सर, माल ओके आहे," असं मी स्वतः ऐकलं. बराच वेळ तो नुसतं ऐकत उभा होता. आत आला तो पुन्हा पहिल्या फ्रॉकपासून बसला आणि एकेक फ्रॉक उलटा करू लागला. किती काटेकोर मुलगा, असं मला वाटलं.

डाव्या बाहीच्या शिवणीत, आतल्या बाजूला, काळ्या दोऱ्याची बारीक गाठ. एकात. मग दुसऱ्यात. मग सगळ्यांत.

"मॅडम, हे काय आहे?"

मी बायकांकडे बघितलं. कोणी मान वर करेना. मग गोजरबाई उठली.

"मी घालते. तीट हाय ती."

"कधीपासून?" मी विचारलं.

"पयल्या फ्रॉकापासनं. लेकराचं कोरं कापड तीट लावल्याबिगर कसं धाडायचं? त्या बी कुणाच्या लेकीच हायेत की."

त्या मुलाने वहीत लिहिलं, परका दोरा, सर्व नग, माल नामंजूर. मला काय झालं कोण जाणे. वीस वर्षं माझ्या डोळ्यांदेखत हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. दवाखान्याची जागा, हॉल, शेठजींपुढची माझी पत, सगळं त्या एवढ्याशा गाठीत. मी तिला बरंच बोलले. मग त्या मुलाची समजूत घालायला त्याच्याशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. त्याने मान हलवली आणि गाडीत जाऊन बसला.

गोजरबाईने जागेवरचं पोतं झटकलं, घडी केलं, आणि काखेत घेऊन गेली. उद्या राग उतरला की येईल.

१८ मे

आली नाही.

३ जून

गेणभाऊ पारावर भेटले. नेहमीसारखी काही चेष्टा करतील म्हणून मी थांबले. त्यांनी टोपी सारखी केली, रामराम घातला आणि पुढे गेले. गोजरबाई महाळुंगे पडवळला भावाकडे गेली आहे, असं जया म्हणाली. जया तिची सून. ती माझ्याकडे अजून येते, पण सासूचा विषय निघाला की दोरा शोधू लागते.

सर्व फ्रॉक उसवून गाठी काढतो, असा फोन मी मुंबईला केला. शेठजींचा मुलगा म्हणाला, आंटी, आता मुदत गेली.

२१ जून

पेपरात आलं आहे की युरोपने चिनी कपड्यांवर पुन्हा मर्यादा घातली. तिथले कारखानदार ओरडले म्हणून. मी कात्रण हातात घेऊनच फोनला बसले. युरोपात माल पाठवा ना, म्हटलं. शेठजींचा मुलगा म्हणाला, आंटी, चीन नाही तर बांगलादेश आहे, तिकडे बोलणं झालंय. मी विचारलं, आमचं काय चुकलं ते एकदा नीट सांगा, दुरुस्त करू. तो म्हणाला, "ती गाठ, आंटी. बायर फार नाराज झाला."

म्हणजे तेच. ती एक गाठ घातली नसती तर.

१४ ऑगस्ट

बायका एकेक करून गेल्या. कोणी भांडली नाही, तेच जास्त लागतं. बऱ्याचजणी नारायणगावला टोमॅटो निवडायला जातात, सकाळी जीप येते. परवा जीप दारावरून गेली तेव्हा आतून कोणीतरी "डॉक्टरीणबाई, टमाटं धाडू का?" म्हणून ओरडलं आणि बाकीच्या हसल्या. मला बरं वाटलं. संध्याकाळी खरोखर पाटी आली.

सोनीबाई तेवढी येते. तिला टोमॅटोच्या कामाला उभं राहवत नाही. आम्ही दोघी ओसरीवर बसून गावातल्या पोरींचे फ्रॉक करतो. हॉलमध्ये गावातल्या संपतने कांद्याची पोती ठेवायला मागितली, मी दिली. दरवाजा उघडला की वास येतो.

शाळेत सिस्टर म्हणायच्या, चूक कोणाची हे शोधण्यात दिवस घालवू नका. मी तेच करते आहे. रोज रात्री त्या गाठीपाशी येऊन थांबते. गोजरबाईने एकदा विचारायला हवं होतं. मी नाही म्हटलं असतं, हे खरं. म्हणूनच तिने विचारलं नसेल.

२३ ऑक्टोबर

शेठजी आले होते. ओझर आणि लेण्याद्रीचं दर्शन करून परत जाताना, सुनेला गाडीत बसवून, काठी टेकत एकटेच आत आले. फार थकले आहेत. ओसरीवर बसले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, बायका कुठे गेल्या. मी सांगितलं. मग इतके दिवस मनात होतं ते मी बोलले. तुमचं नुकसान झालं, माझ्याच घरात ती गाठ पडत होती आणि मला कळलं नाही, माफ करा.

"कुठली गाठ?" ते म्हणाले. "बाहीतली? ती तर मला पहिल्या खेपेपासून माहीत."

मी त्यांच्यासमोर खालीच बसले.

"आमच्या बाला, म्हणजे आईला, दाखवलेली मी तेव्हा. बा म्हणाली, असू दे, लहान मुलांच्या कपड्याला चांगली असते. अमेरिकेवाल्याने पण एकदा विचारलं, मी सांगितलं. तो खूश झाला. त्याने आपल्या नातीसाठी मुद्दाम मागून घेतला." ते थोडं हसले. "कुमुदबेन, तुम्हाला आमच्या मुलाने काहीच सांगितलं नाही? तुमचा माल तयार झाला आणि तिकडून भाव आणखी खाली आला. घेतला असता तर आम्ही बुडालो असतो. नाही म्हणायला कारण पाहिजे होतं. गाठ नसती तर बटण निघालं असतं."

चहा आला. त्यांनी तो अर्धा प्यायला. कोट्याच्या काळात आपण दोघं उगाच कोट्याला शिव्या देत होतो, म्हणाले. "भिंत होती, पण तिच्या सावलीत आपण बसलेलो." मुंबईचं ऑफिसही ते बंद करत आहेत. मुलगा आता बाहेरून माल आणून इथेच विकणार आहे.

गाडीपर्यंत मी त्यांना सोडायला गेले. काय बोलले ते आठवत नाही. मला एवढंच दिसत होतं की फोनवर बोलून तो तपासणीचा मुलगा आत येतो आहे आणि पहिला फ्रॉक उलटा करतो आहे. मी तेव्हा तिथेच उभी होते.

९ नोव्हेंबर

दिवाळी संपेपर्यंत थांबले. सणात गेलं तर तिला तोंडदेखलं बोलावं लागलं असतं. आज जीप करून महाळुंग्याला गेले.

गोजरबाई भावाच्या अंगणात लसणाच्या पाकळ्या सोडत बसली होती, लावणीसाठी. मला बघून उठली, पदर सारखा केला. "या बाईसाहेब," म्हणाली. तीस वर्षं मी तिची वैनी होते.

तिने घोंगडी टाकली. तब्येत विचारली, श्रेयाची शाळा विचारली. मी सगळ्याची उत्तरं दिली आणि मग शेठजींनी सांगितलेलं एका दमात सांगून टाकलं. गाठीचा काही संबंध नव्हता, तुझी काही चूक नव्हती, कारखाना गेला तो वरच्या लोकांच्या करारामुळे गेला. मला वाटलं होतं हे ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी येईल. निदान शिव्या तरी देईल त्या मुलाला.

ती पाकळ्या सोडत राहिली.

"कारखाना जायचाच व्हता तर गेला," ती म्हणाली. "टमाट्याचं काम हाय, लसणाचं हाय. त्याचं मला कायबी न्हाई."

"मग का नाही आलीस?"

"तुमी मला लई बोललात. ते बी चालतं. आपल्या माणसानं बोलावं." तिने सुपातलं फोलपट फुंकून उडवलं. "पन मग तुमी त्या पोरासंगं इंग्रजीत बोललात. मला न्हाई येत इंग्रजी. काय बोललात ते मी इचारत बी न्हाई. पन आमच्याबद्दल बोलायला आजपातूर तुमी कधी भाषा बदलली नव्हती."

मी काय बोलले होते ते मला चांगलं आठवतं. या बायका अडाणी आहेत, यांना माफ करा, मी यांच्यातली नाही. त्या दिवशी या वहीत मी दोनच वाक्यं मोजली होती, शेवटचं सोडून. आज लिहिते.

तिथे मात्र ते मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, असू द्या, आणि भावजयीला चहा टाकायला सांगितलं. चहा मी बशीतून प्यायले. तिने ते बघितलं. एखादं मशीन तुझ्याकडे पाठवते, म्हटलं तर तिने हात जोडले. "नको बाईसाहेब. काय बी नको." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी बसून राहिले असते.

२७ नोव्हेंबर

अश्विनीसाठी हे पान. डिसेंबरअखेर मी पुण्याला तुमच्याकडे राहायला येते, असं सुदर्शनला कळवलं आहे. जिना मला हल्ली झेपत नाही आणि घर एकटीने उघडंबंद करायचा कंटाळा येतो, हीच कारणं सर्वांना सांग, ती खोटी नाहीत. घर आवरायला संक्रांतीनंतर तू येशील. सुदर्शनला पाठवू नकोस, तो सगळं मोडीत घालील.

पायमशीन ज्या बाईने जे चालवलं ते तिचं. कोणतं कोणाचं हे जयाला ठाऊक आहे. ज्यांना नको असेल त्यांनी विकावं, मला सांगायची गरज नाही.

हॉल ग्रामपंचायतीला बालवाडीसाठी. संपतची पोती आधी काढायला लावायची. फरशी तीनदा धुवावी लागेल.

नामंजूर झालेला सगळा माल मागच्या खोलीत आहे. तो सोनीबाईच्या गावाकडे, डोंगरातल्या वाड्यांवर जाऊ दे. ती नेईल, भाच्याला जीप सांगायला लाव. फ्रॉक जसे आहेत तसेच द्यायचे. धुऊ नयेत, उसवू नयेत.

एक्स-रेच्या फिल्ममधली भिमाजीची तेवढी बाजूला काढ आणि सखूबाईकडे दे. तिच्याकडे नवऱ्याचा एकही फोटो नाही. हसशील तर तू हस, ती हसणार नाही. बाकीच्या जाळू नकोस, धूर वाईट असतो.

रेशमाचे दोरे श्रेयाचे. ती गुंता करील, करू दे.

डॉक्टरांचं लाकडी कपाट गेणभाऊंना. त्यांनी ते कित्येकदा चेष्टेने मागितलं आहे. मी दिलं म्हणून नको, सुदर्शनला जागा नाही म्हणून सांग, म्हणजे घेतील.

गोजरबाईला काही द्यायचं नाही. तिने नको म्हटलं आहे. कोणाच्या हातून पाठवायचं नाही, जयाच्या ताटात घालून द्यायचं नाही. तिच्यासाठी बाजूला काही काढूनही ठेवू नकोस.

पण ती आपण होऊन आली, आणि या घरातलं काहीही मागितलं, मग ते कोणाला देऊन झालं असलं, अगदी श्रेयाला दिलेलं असलं, तरी त्यांच्याकडून मागून आण आणि तिला दे. का हवं ते विचारू नकोस. तिला आत बसव. तिच्याशी मराठीतच बोल.